सगळे एकच चुकीचं उत्तर देतात तेव्हा

शोधयात्री

सामाजिक मानसशास्त्राबद्दल थोडंफार वाचलेल्या कुणालाही सॉलोमन अ‍ॅश यांचा रेघांचा प्रयोग माहीत असतो, पण बहुतेकांपर्यंत तो अर्धाच पोचलेला असतो. उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलावं म्हणून हा धागा.

आधी प्रयोग थोडक्यात. काळ १९५० च्या दशकाचा, देश अमेरिका. एका खोलीत सात ते नऊ विद्यार्थी बसलेले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. या तिघींतली कोणती पहिलीइतकी लांब आहे ते बसल्या क्रमाने मोठ्याने सांगायचं. गोम अशी, की त्या खोलीत एकच विद्यार्थी खराखुरा असे आणि बाकी सगळे पढवलेले. खऱ्याची पाळी जवळजवळ शेवटी यायची. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत पढवलेली मंडळी एकापाठोपाठ एक तेच धडधडीत चुकीचं उत्तर देत. एकट्याने बसून उत्तर देताना या रेघा ओळखण्यात शंभरात एखादीही चूक होत नसे. गटात मात्र त्या १२ फेऱ्यांतली ३६.८ टक्के उत्तरं चुकीची आली. सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थी निदान एकदा तरी गटाबरोबर गेले.

गोष्ट बहुतेक वेळा इथेच थांबते आणि निष्कर्ष निघतो की माणूस मेंढरासारखा आहे. पण हेच आकडे दुसऱ्या बाजूने वाचा. साठ टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर होती, तीही अख्खी खोली विरोधात असताना. जवळजवळ चौथाई विद्यार्थी एकदाही झुकले नाहीत. खुद्द अ‍ॅश यांना माणसाच्या स्वतंत्र विचाराबद्दल मोठी आस्था होती, आणि न झुकणाऱ्यांबद्दल त्यांनी तितकंच मनापासून लिहिलं आहे. १९९० मध्ये रोनाल्ड फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठ्यपुस्तकं चाळली तेव्हा दिसलं, की काळ पुढे सरकत गेला तसा पुस्तकांतला भर झुकणाऱ्यांवर वाढत गेला आणि ठाम राहणारे मागे पडले.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रयोगाचा पुढचा भाग. अ‍ॅश यांनी विरोधकांची संख्या बदलून पाहिली. विरोधात एकच जण असेल तर चुका ३.६ टक्के, दोन असतील तर १३.६, तीन झाले की ३१.८. त्यापुढे माणसं कितीही वाढवली तरी फारसा फरक पडेना. मग त्यांनी पढवलेल्यांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. एवढ्यावर चुका चौथाईवर आल्या. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की हा फुटलेला माणूस बरोबर उत्तर देत नसला, बहुमताहूनही जास्त चुकीचं काही बोलत असला, तरीही खरा विद्यार्थी पुष्कळ मोकळा होत असे.

म्हणजे विरोधात सात जण आहेत की पंधरा, याने फार बिघडत नाही. माणूस झुकतो तो फट नसलेल्या एकमतापुढे. एकाने वेगळा सूर लावला की बाकीच्यांना बोलायला वाट मिळते. आपण चुकीचे ठरू या भीतीने गप्प बसणाऱ्यांनी हे जाणून घ्यायला हवं असं मला फार मनापासून वाटतं, कारण बरोबर उत्तर हातात नसतानाही 'मला हे पटत नाही' एवढं म्हणण्याला किंमत आहे.

तुमचे अनुभव, वाचन, आक्षेप, सगळं येऊ द्या.

अनवट

छान विषय. एक भर घालते. अ‍ॅश यांच्या आधी, १९३५ मध्ये मुझफर शेरीफ यांनी गटाच्या प्रभावावर प्रयोग केला होता, आणि दोन्ही शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं.

मिट्ट काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक बारीक, स्थिर ठिपका दाखवला की थोड्या वेळाने तो हलतोय असं वाटतं. हा नजरेचा भास. ठिपका किती हलला असं विचारलं की एकटा माणूस हळूहळू स्वतःपुरता एक आकडा धरतो. मग दोघा-तिघांना एकत्र बसवलं की त्यांचे आकडे एकमेकांकडे सरकत सरकत एका जागी येतात. खरी मेख पुढे आहे. नंतर त्यांना पुन्हा एकेकटं बसवलं तरी ते गटाचाच आकडा धरून राहतात. इथे कुणी दबाव टाकलेला नसतो. उत्तरच अस्पष्ट असतं, म्हणून माणूस दुसऱ्याचं मत माहिती म्हणून घेतो.

अ‍ॅश यांच्या खोलीत उत्तर डोळ्यांपुढे लख्ख आहे. तिथे झुकणारे बरेचसे मनातून पटलेले नसतात, वेगळं पडायला नको म्हणून झुकतात. १९५५ मध्ये मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी या दोन वाटा वेगळ्या करून दाखवल्या. एकीत आपण गटाकडून माहिती घेतो, दुसरीत गटाची पसंती राखतो. उपायही त्यानुसार बदलतो. दुसऱ्या प्रकारात उत्तर गुपचूप लिहून द्यायची सोय केली की दबाव बराच कमी होतो. पहिल्या प्रकारात त्याने फार काही होणार नाही, कारण माणसाला ते मत खरंच पटलेलं असतं.

पाणवठा

वाचतोय, पण थोडा असहमत. कार्डावरच्या रेघांनी कुणाचं काय जातंय? पंधरा मिनिटांसाठी अनोळखी लोकांशी वाद कोण घालणार? जिथे खरंच काही पणाला लागलेलं असतं तिथे लोक स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतील असं मला वाटतं.

शोधयात्री

@पाणवठा, आक्षेप रास्त आहे आणि तो तपासलाही गेला आहे. १९९६ मध्ये रॉबर्ट बॅरन आणि सहकाऱ्यांनी साक्षीदाराने आरोपी ओळखावा तसं काम लोकांना दिलं. काम सोपं होतं तेव्हा तुम्ही म्हणता तसंच झालं. अचूकतेचं महत्त्व वाढवलं की लोक गटामागे कमी गेले. पण चित्र क्षणभरच दाखवून काम अवघड केलं, तेव्हा महत्त्व वाढवल्यावर लोक गटाकडे *जास्त* झुकले. ओळखायला अवघड आणि चुकलो तर महागात पडणार, अशी वेळ आली की माणूस इतरांच्या डोळ्यांचा आधार घेतो. आयुष्यातले मोठे निर्णय बहुधा याच जातीचे असतात, म्हणून मला हा निकाल रेघांच्या प्रयोगापेक्षाही गंभीर वाटतो.

अलीकडचंही सांगतो. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या अ‍ॅक्सेल फ्रांझेन आणि सेबास्टियन मॅडर या संशोधकांनी रेघांचा प्रयोग पुन्हा केला. चुका ३३ टक्के आल्या, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या आसपासच. बरोबर उत्तराला पैसे देऊ केले तेव्हा त्या २५ टक्क्यांवर आल्या. पैशाने फरक पडला, पण दबाव गेला नाही. त्याच अभ्यासात राजकीय मतांच्या प्रश्नांवरही लोक गटाबरोबर गेलेले दिसले, ३८ टक्क्यांच्या घरात.

संध्यामेघ

मी बरीच वर्षं शिकवते. 'समजलं का? कुणाला काही शंका?' या प्रश्नानंतरची शांतता हा या धाग्याचाच विषय आहे.

शंका नसते म्हणून वर्ग गप्प असतो असं मुळीच नाही. प्रत्येक मूल इकडेतिकडे बघतं, बाकीचे निवांत दिसतात, म्हणजे त्यांना समजलेलं असणार, न समजलेला मी एकटाच, असा हिशेब मनात करतं आणि हात खाली ठेवतं. शेजारच्यानेही अगदी हाच हिशेब केलेला असतो. प्रत्येकाला स्वतःच्या गप्प बसण्याचं कारण ठाऊक असतं. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मात्र तो 'याला पटलंय' असा लावतो.

डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठात दारू पिण्याबद्दल केलेला अभ्यास (१९९३) याच धाटणीचा आहे. आवारात चालणाऱ्या दारू पिण्याबद्दल विद्यार्थी स्वतः अस्वस्थ होते, पण सरासरी विद्यार्थ्याला त्यात काही वावगं वाटत नाही असं त्यातला जो तो मानत होता. कुणालाच फारसा न आवडणारा नियम अशा प्रकारे सगळे मिळून सांभाळत राहतात.

आता मी 'शंका आहे का' असं विचारतच नाही. प्रत्येकाने कागदावर, नाव न घालता, सगळ्यात अवघड वाटलेली एक गोष्ट लिहायची. मग त्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवते. तीच शंका वेगवेगळ्या अक्षरांत आलेली ऐकली की वर्गाचा चेहरा बदलतो, आणि त्यानंतर हात वर होऊ लागतात.

रानपाखरू

संध्यामेघ ताई, चिठ्ठ्यांची युक्ती उचलतोय. +१

दूरस्थ

धागा चांगला चाललाय, पण एक बाजू राहून जातेय.

गटाचं ऐकणं हा दुबळेपणाच, असं गृहीत धरून आपण बोलतोय का? शांतपणे विचार करा. आठ धडधाकट माणसं एक सांगतात आणि माझे दोन डोळे दुसरं. माझी नजर चुकत असेल अशी शंका येणं हे समंजसपणाचंच लक्षण आहे. कुणी रस्त्यात उभं राहून वर बघत असेल तर आपणही मान वर करतो. मिलग्रम, बिकमन आणि बर्कोविट्झ यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या पदपथावर हेच करून पाहिलं. एकच माणूस वर बघत असताना ४२ टक्के वाटसरूंनी मान वर केली, पंधरा जण बघत होते तेव्हा ८६ टक्क्यांनी. यात मूर्खपणा कुठे आहे? पंधरा माणसं वर बघतात तेव्हा बहुतेक वेळा वर काहीतरी असतंच.

भाषा, रांग, रस्त्याची एक बाजू धरून चालणं, आजाऱ्याजवळ आवाज खाली ठेवणं, हे सगळं आपण इतरांकडे बघूनच शिकलो. प्रत्येक गोष्ट स्वतः तपासून घ्यायची म्हटलं तर जगणं अशक्य होईल. त्यामुळे वेगळं मत म्हणजे धैर्य आणि जुळतं मत म्हणजे भित्रेपणा अशी वाटणी मला मान्य नाही.

अनवट

@दूरस्थ, तुमचं म्हणणं पटतं, पण एक अट जोडावीशी वाटते. पंधरा जणांचं मत पंधरा साक्षींइतकं वजनदार केव्हा ठरतं? प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहिलं असेल तेव्हा. पहिल्याने पाहिलं आणि चौदा जणांनी त्याच्याकडे पाहिलं, तर साक्ष एकच. गटाच्या आत बसलेल्याला हा फरक दिसत नाही.

१९०७ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी एका प्रदर्शनातल्या बैलाच्या वजनाचे अंदाज तपासले. ७८७ चिठ्ठ्या होत्या आणि त्यांचा मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) खऱ्या वजनाच्या एका टक्क्याच्या आत होता. ते जमलं, कारण प्रत्येकाने आपला आकडा आपापला लिहिला होता.

अ‍ॅश यांनी प्रयोगानंतर मुलाखती घेतल्या, त्यात याच संदर्भातली एक नोंद आहे. झुकलेल्यांपैकी काहींना तिथल्या तिथे संशय आला होता की बाकीचे पहिल्यामागे फरपटत चालले आहेत. तरीही आपली पाळी आली तेव्हा हा संशय त्यांच्या उपयोगी पडला नाही. नोंद वाचल्यापासून ती डोक्यातून जात नाही. दबाव कळला म्हणून माणूस आपोआप त्यातून सुटत नाही.

काठावरून

उत्तम चर्चा. मी विमान वाहतुकीच्या इतिहासाचा वाचक, तिथलं एक उदाहरण देतो.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर दाट धुकं. दोन बोईंग ७४७ एकाच धावपट्टीवर. त्यांतल्या एकाच्या कॅप्टनने उड्डाणाची स्पष्ट परवानगी नसताना वेग घ्यायला सुरुवात केली. नियंत्रण कक्ष आणि दुसरं विमान यांच्यातला संवाद रेडिओवर ऐकून फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. समोरचं विमान अजून धावपट्टीवरच तर नाही ना, असं त्याने विचारलं. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक. त्याने ठासून सांगितलं की ते गेलंय. त्यावर कॉकपिटमध्ये पुन्हा कुणी काही बोललं नाही. काही सेकंदांत दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली.

इथे ज्येष्ठतेचा दबाव आहे आणि एकमताचाही. शंका एकाच्या तोंडून आली, दुसऱ्या कुणी ती उचलली नाही, आणि ती तिथेच विरली. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली आणि त्यातून पुढे क्रू रिसोर्स मॅनेजमेंट हे प्रशिक्षण आलं. त्यात कनिष्ठाने शंका ठामपणे आणि पुन्हा कशी मांडायची हे शिकवतात, आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकून घ्यायची हेही. शोधयात्री यांच्या मूळ मुद्द्याला मी एवढंच जोडेन की पहिला आवाज महत्त्वाचा आहेच, पण तो उचलून धरणारा दुसराही तितकाच लागतो.

शोधयात्री

@काठावरून, मनापासून धन्यवाद. दुसऱ्या आवाजाबद्दल अ‍ॅश यांच्याकडेही पुरावा आहे. एका प्रयोगात खऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीला साथ देणारा माणूस मध्येच बहुमताला जाऊन मिळतो. त्यानंतर खरा विद्यार्थी जवळजवळ पूर्वीइतकाच झुकू लागतो. दुसऱ्या प्रयोगात हाच साथीदार काही कारण सांगून खोलीबाहेर जातो. तेव्हा चुका वाढतात खऱ्या, पण इतक्या नाहीत. साथीदार निघून गेला तरी त्याची साथ काही काळ पुरते. तो फितूर झाला की लगेच संपते. जाहीरपणे घेतलेली बाजू सोडताना आपल्या भरवशावर कोण उभं आहे, याचा विचार करायला हवा.

मिलग्रम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगातही असंच दिसलं. त्यात चुकीच्या उत्तराला दुसऱ्या माणसाला वाढत जाणारे विजेचे झटके द्यायला सांगत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नसे. मूळ मांडणीत ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. शेजारी बसलेल्या दोघांनी काम मध्येच सोडलं, तेव्हा शेवटपर्यंत गेलेले ४० पैकी ४. त्या प्रयोगांच्या पद्धतीवर आणि नैतिकतेवर रास्त टीका झाली आहे. तरी या दोन आकड्यांमधलं अंतर विसरता येत नाही.

@दूरस्थ, तुमचा मुद्दा धाग्याला हवाच होता. मीही झुकणाऱ्यांना भित्रे म्हणत नाही. अ‍ॅश यांच्या खोलीत ठाम राहिलेले विद्यार्थीही अस्वस्थ होत, ओशाळे हसत, पुन्हा पुन्हा कार्डाकडे बघत.

पाणवठा

बॅरन यांचा निकाल मला नवा होता. त्यावरून पुढचा प्रश्न. एकटा माणूस गटाला खरंच वळवू शकतो, की फक्त बाकीच्यांना थोडा धीर देतो?

अनवट

यावर सर्ज मॉस्कोव्हिसी यांचं काम आहे. १९६९ मध्ये त्यांनी अ‍ॅश यांचा प्रयोग उलटा केला. सहा जणांच्या गटात पढवलेले फक्त दोन, आणि ते निळ्या स्लाइडला प्रत्येक वेळी हिरवी म्हणत. बाकीच्यांची 'हिरवी' उत्तरं ८.४२ टक्के झाली. तेच दोघं कधी हिरवी, कधी निळी म्हणू लागले तेव्हा १.२५ टक्के. आकडा छोटा आहे, हे खरं. पण अल्पमताचं बळ सातत्यात असतं एवढं त्यातून नक्की दिसतं.

पुढे शार्लन नेमेथ यांनी दाखवलं की अल्पमत जिंकलं नाही तरी बाकीच्यांना विचार करायला लावतं. ते जास्त पर्याय शोधतात, प्रश्न जास्त बाजूंनी बघतात. २००१ च्या एका अभ्यासात त्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. मुद्दाम नेमलेला विरोधक आणि खरोखर असहमत असलेला माणूस यांत काय फरक पडतो? खऱ्या असहमतीने गटाचा विचार जास्त फुलला. ठरवून केलेला विरोध ऐकताना लोकांना माहीत असतं की हा काही मनापासून बोलत नाही.

दूरस्थ

मग बैठकीत 'आज तू विरोधी बाजू मांड' असं कुणाला सांगून फार काही साधत नाही तर. आमच्याकडे हीच पद्धत आहे, आणि विरोध मांडणारा बोलून झाला की सगळे समाधानाने मूळ निर्णयाकडे परत येतात.

काठावरून

@दूरस्थ, अगदीच वाया जात नाही, पण तेवढ्यावर विसंबू नये. एप्रिल १९६१ मध्ये केनेडी सरकारने क्यूबातल्या पिग्जच्या उपसागरावर केलेली फसलेली चढाई आठवा. अर्व्हिंग जॅनिस यांनी १९७२ मध्ये ग्रुपथिंकची, म्हणजे एकोपा राखण्याच्या नादात गटाने शंका दाबून टाकण्याची, कल्पना मांडली, त्यातलं हे ठळक उदाहरण. सल्लागारांपैकी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर यांना योजना पटलेली नव्हती. त्यांनी तसं लेखी कळवलंही होतं. पण निर्णायक बैठकांत ते जवळजवळ गप्प राहिले आणि पुढे त्याबद्दल त्यांनी स्वतःला दोष दिला. दीड वर्षाने क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच आला तेव्हा केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे त्यांचा कल बघून कुणी बोलू नये. मला ही युक्ती नेमलेल्या विरोधकापेक्षा जास्त कामाची वाटते. प्रमुखाने आपलं मत शेवटी सांगायचं, किंवा त्या खोलीतच नसायचं.

रानपाखरू

इथेही हेच चालतं हे कुणी बोललं नाही अजून! एखाद्या प्रतिसादाला आधीच भरपूर पसंती मिळालेली दिसली की आपलं बोटही तिकडेच जातं.

२०१३ मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी बातम्यांवर चर्चा करणाऱ्या एका संकेतस्थळावर प्रयोग केला. लाखभर प्रतिसादांपैकी काहींना त्यांनी सुरुवातीलाच एक खोटं अनुकूल मत दिलं. पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाली. खोटं प्रतिकूल मत दिलं तेव्हा मात्र वाचकांनी उलट मतं देऊन ते भरून काढलं. म्हणजे चुकीची निंदा आपण दुरुस्त करतो, पण चुकीच्या कौतुकाला बिनदिक्कत हातभार लावतो.

मी सध्या आधी आपला प्रतिसाद लिहून ठेवतो आणि मगच बाकीचे वाचतो. डॉइच-जेरार्ड यांच्या प्रयोगातही, स्वतःचं उत्तर आधी लिहून ठेवलेले लोक कमी झुकले होते ना?

अनवट

हो, बरोबर. ते लिहिलेलं सही करून द्यायचं आहे असं सांगितलं तेव्हा तर खूपच कमी. मात्र त्याची एक धोकादायक बाजूही आहे. जाहीर केलेल्या मताला आपण, ते चुकीचं असलं तरी, धरून बसतो. म्हणून आधी लिहावं, पण ते स्वतःपुरतं ठेवावं, आणि चर्चेत नवी माहिती आली तर बदलायची मोकळीक असावी.

संध्यामेघ

वर्गातही हेच लागू पडतं. मुलांना मी आता म्हणते, उत्तर वहीत लिहा, मग शेजारच्याशी बोला, मग हवं तर खोडा. पण खोडलं तर का खोडलं ते बाजूला एका ओळीत लिहा. 'तिने मला अमुक दाखवलं' असं कुणी लिहितं, कुणी नुसतंच 'सगळ्यांचं वेगळं होतं' असं. ही दुसरी ओळ दिसली की त्या मुलाला मी त्याचं मूळ उत्तर सगळ्यांना समजावून सांगायला लावते.